सासूबाईंना ‘सोयीचं तेवढंच’ ऐकू येतं?

प्रश्न : सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. मी विचारते एक, त्या सांगतात भलतंच. माझ्या नवऱ्याचं बोलणं मात्र त्यांना बरोबर कळतं. सगळे म्हणतात, सोयीचं तेवढंच ऐकू येतं. हा हट्ट समजायचा का?

उत्तर : मुळीच नाही. वाढत्या वयात उंच पट्टीतले आवाज आधी हरवतात. पुरुषाचा खालच्या पट्टीतला आवाज पोचतो. सुनेचा, नातवंडांचा अर्धवट पोचतो. ‘सात’ म्हटलं की ‘हात’ ऐकू येतं. मग माणूस अंदाजाने उत्तर देतो, हसण्यावारी गेलं की बोलणंच सोडतो. हे गप्प होणं मला बहिरेपणापेक्षा जास्त घातक वाटतं. उपचार न केलेला श्रवणदोष हा स्मृतिभ्रंशाचा टाळता येण्याजोगा धोका असल्याचं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४मध्येही नोंदवलं आहे.

ओरडू नका. मिक्सर, टीव्ही बंद करून समोर बसून सावकाश बोला. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. कधी नुसता मळ निघतो, नाहीतर ऑडिओमेट्री म्हणजे श्रवणचाचणी करावी लागते. गरज पडून श्रवणयंत्र लावल्यावर सुरुवातीला भांड्यांचा आवाजही नकोसा होतो. तेव्हा ते कपाटात जाऊ देऊ नका, डॉक्टरांकडून पुन्हा जुळवून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.