समुद्र नसलेल्या जिल्ह्यातून बोटींच्या यार्डाकडे

नोव्हेंबर 2018 मध्ये ‘अमरावती’त फॉर्म्युला वन बोटींची शर्यत झाली. ही अमरावती आंध्र प्रदेशातली आणि पाणी कृष्णा नदीचं. बोटी जेमतेम सहा मीटर लांब, इंजिन चारशे अश्वशक्तीच्या आसपासचं, वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. बोटीचा जो भाग पाण्यात बसतो त्याला हल म्हणतात. या बोटींना दोन अरुंद हल असतात आणि मधून हवेचा बोगदा. वेग वाढला की बोगद्यात शिरलेली हवाच बोट उचलून धरते, मग पाण्याला टेकलेला भाग अगदी थोडा उरतो. दोन हलच्या बोटीला कॅटामरान म्हणतात. गेटवेहून मांडव्याला जाणारी प्रवासी बोटही त्याच जातीची, फक्त शांत स्वभावाची.

अशा बोटी बांधायला शिकायचं आहे, असं अकोल्याच्या एखाद्या मुलीने बारावीला सांगितलं तर घरात पहिला प्रश्न येतो, “आपल्याकडे समुद्र आहे कुठे?” आणि दुसरा, “म्हणजे मर्चंट नेव्ही का? सहा-सहा महिने घराबाहेर?”

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. जहाज चालवणारे वेगळे आणि त्याचा आराखडा करणारे, ते बांधणारे वेगळे. नेव्हल आर्किटेक्ट बहुतेक काळ जमिनीवरच काम करतो, संगणकापुढे आणि यार्डात.

पहिल्या प्रश्नाला उत्तर कोइम्बतूरने दिलं आहे. तिथेही समुद्र नाही. तरी तिथल्या कुमारगुरू कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा ‘सी शक्ती’ हा संघ मोनॅकोच्या एनर्जी बोट चॅलेंज स्पर्धेत उतरला. त्यातल्या एनर्जी क्लास गटात कॅटामरानचे हल आयोजकच देतात. चालकाची बैठक, मोटर, बॅटरी, पंखा हे सगळं विद्यार्थ्यांनी करायचं. ऊर्जेची मर्यादा दहा किलोवॅट-तास, म्हणजे विजेच्या बिलावरची दहा युनिटं. एवढ्या विजेत बोट किती वेगाने आणि किती लांब नेता येते, याची ती परीक्षा असते. हे शिकायला किनारा लागत नाही. गणित, वर्कशॉप आणि चिकाटी लागते.

वेग इतका महाग का पडतो, हे मुलांनी आधी समजून घ्यावं. साध्या बोटीचा वेग दुप्पट करायचा तर ताकद ढोबळमानाने आठपट लागते, आणि बोट स्वतःच उठवलेल्या लाटेशी झगडू लागली की त्याहूनही जास्त. अरुंद हल लहान लाट उठवतो, पण एकटा असला तर कलंडतो, म्हणून दोन जोडायचे. इथून खर्च सुरू होतो. हल दोन, बहुधा इंजिनंही दोन. मधला पूल लाटांमुळे सतत पिळला जातो, तो भक्कम हवा आणि हलकाही. संथ चालीत तर दोन हलचं जास्तीचं घर्षण उलट नडतं. शिवाय कॅटामरानला वजन सोसत नाही. आराखड्यापेक्षा बोट जड झाली की अरुंद हल खोल बसतात आणि ज्या वेगासाठी पैसा ओतला तोच हातचा जातो.

केरळात याचे दोन नमुने रोज धावतात. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेल्या संदित तंडाशेरी यांच्या नवआल्ट कंपनीची ‘आदित्य’ ही सौर कॅटामरान 2017 मध्ये वैकम-तवनक्कडवू मार्गावर सुरू झाली. फायबरचे हल, 75 प्रवासी, किंमत दोन-अडीच कोटी. ग्रिडमधून घेतलेल्या विजेचा दिवसाचा खर्च दोनशे रुपयांच्या आत. डिझेलच्या बोटीला तेच काम काही हजारांना पडतं. कोची वॉटर मेट्रोच्या कॅटामरान 2023 पासून धावतात. कोचीन शिपयार्डने बांधलेल्या या बोटींत 100 प्रवासी मावतात आणि एकीची किंमत सुमारे 7.6 कोटी. अॅल्युमिनियम, वातानुकूलन आणि धक्क्यावर दहा-पंधरा मिनिटांत भरणाऱ्या बॅटऱ्या यांचे ते पैसे आहेत. कुठे पैसा घालायचा आणि कुठे वाचवायचा हे ठरवणं, हाच या पेशाचा गाभा आहे.

फायबरचं काम वऱ्हाडाला अनोळखीही नाही. मे महिन्यात अकोल्यात घरोघर गरगरणाऱ्या कूलरची फायबरची बॉडी आतून पाहावी. बाहेरून गुळगुळीत, आतून खरखरीत, आणि काचेच्या मॅटचे तंतू इकडे-तिकडे विस्कटलेले. साच्यावर मॅट अंथरायची, रेझिनमध्ये हार्डनर कालवून ब्रशने भिजवायची, सुकली की साचा सोडवायचा. बोटीचा हल याच रीतीने होतो. मात्र तिथे तंतूंची दिशा ठरवून घालतात, रेझिन तोलून घेतात आणि चांगल्या कामात वरून प्लास्टिक ताणून पंपाने हवा ओढतात, म्हणजे फाजील रेझिनचं वजन राहत नाही.

गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात लाकडी गाभ्यावर फायबरग्लास चढवून ‘म्हादेई’ बांधली गेली. 2009 मध्ये ती नौदलाकडे आली आणि तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. 2017 ची ‘तारिणी’ही याच यार्डातली. या दोन्ही एका हलच्या शिडाच्या बोटी, पण कारागिरी तीच.

नेव्हल आर्किटेक्चरच्या प्रवेशासाठी एमएचटी-सीईटीवर विसंबून राहू नये. आयआयटी मद्रास आणि खरगपूरला जेईई अॅडव्हान्स्डमधून जाता येतं. इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या विशाखापट्टणम कॅम्पससाठी तिची स्वतःची सीईटी आहे, कोचीच्या कुसाटची कॅट. आधी वऱ्हाडातल्या अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकीत मेकॅनिकल करून मग एम.टेक.ला वळणंही शहाणपणाचं. 2022 पासून गेटमध्ये नेव्हल आर्किटेक्चरचा स्वतंत्र पेपर आहे.

पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या क्षेत्रात यार्ड मोजकी आहेत, काम ऑर्डरवर चालतं आणि नोकरी कोची, गोवा, मुंबई, विशाखापट्टणम अशा ठिकाणीच मिळते. मूल घराजवळ राहावं अशी इच्छा असेल तर हा रस्ता नको. मात्र फायबर-रेझिनचं, म्हणजे कॉम्पोझिटचं काम येणाऱ्याला पवनचक्कीची पाती, रेल्वेचे डबे आणि विमानांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतही जागा असते. आणि सीट मिळवून देतो म्हणून लाखो मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवावं.

इंजिनिअरिंग झेपणार नाही किंवा परवडणार नाही, त्यांच्यासाठी माझगाव डॉकची अप्रेंटिसशिप आहे. आठवी, दहावी आणि आयटीआय अशा तीन पातळ्यांवर भरती होते. फिटर, वेल्डर, पाइप फिटर, इलेक्ट्रिशियन असे ट्रेड आहेत आणि शिकताना विद्यावेतन मिळतं. जाहिरात कंपनीच्या संकेतस्थळावर येते, निवड परीक्षेतून होते. जाहिरात आल्यावर धावपळ नको म्हणून गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि आधार हे सगळं दहावीच्या निकालाबरोबरच फाइलला लावून ठेवावं.