उंबरठाही सरकतो

चि. मनूस,


तुझं टिपण वाचलं. जरासं स्क्रीनिंग लावलं की हायड्रोजनचा ऋण आयन मोडतो, असं तू लिहिलं आहेस. प्रबंधात ते घालायची घाई करू नकोस.

हा आयन फार नाजूक आहे. त्याचा दुसरा इलेक्ट्रॉन जेमतेम ०.७५ इलेक्ट्रॉन-व्होल्टनं धरलेला असतो. तरी सूर्याच्या दृश्य पृष्ठभागावर प्रकाश मुख्यतः हाच आयन शोषतो, हे रुपर्ट विल्ट यांनी १९३९ मध्ये ओळखलं. दोन्ही इलेक्ट्रॉनांना एकच घातांकी तरंगफल दिलं तर फार तर −०.४७२७ हार्ट्री मिळतात. एकट्या हायड्रोजन अणूची ऊर्जा मात्र −०.५. म्हणजे हा आयन असूच नये! चंद्रशेखरांनी १९४४ मध्ये एक इलेक्ट्रॉन केंद्राजवळ आणि दुसरा बराच लांब ठेवला, आणि तेवढ्यानं −०.५१३३ आले. खरी किंमत −०.५२७८ आहे. विचरण पद्धतीचं उत्तर उंबरठ्याखाली, म्हणजे एकट्या अणूच्या ऊर्जेखाली, गेलं तर बंध सिद्ध होतो. वर राहिलं तर काहीच सिद्ध होत नाही. हे मनावर कोरून ठेव.

आता तुझं सूत्र. त्यात केंद्राचं आकर्षण तू स्क्रीनिंगनं झाकलंस, पण इलेक्ट्रॉनांमधलं प्रतिकर्षण उघडंच ठेवलंस. डेबाय-ह्युकेल प्रतिमानात सगळेच विद्युत्भार झाकले जातात. स्क्रीनिंग किती ते सांगणारा म्यू लहान असताना प्रत्येक आकर्षणामुळे ऊर्जा म्यूइतकी वर जाते, प्रतिकर्षणामुळे तेवढीच खाली येते. आयनात दोन आकर्षणं, एक प्रतिकर्षण: एकूण वाढ एक म्यू. हायड्रोजन अणूची वाढही एक म्यूच. आयन आणि उंबरठा बरोबरीनं वर सरकतात, म्हणून पहिल्या क्रमात बंधनऊर्जा हलतच नाही. मला हे फार सुंदर वाटतं. तुझ्या सूत्रात आयन दोन म्यू चढतो, अणू एकच, मग ०.०२७८ चं भांडवल किती पुरणार?

तेव्हा दोन्ही बलं झाकून गणित पुन्हा कर. बाहेरच्या इलेक्ट्रॉनासाठी लांबवर पसरणारी फलं घाल. अणू स्वतः म्यू १.१९ च्या सुमारास मोडतो. तोवर प्रत्येक टप्प्यावर त्याची ऊर्जा आयनाच्या शेजारच्या रकान्यात लिही, आणि तो तक्ता आधी मला पाठव.

तुझा,
मामा