मोटारीची वायरिंग आणि हातातला दाखला

चारोटी नाक्यापासून तलासरीमार्गे आच्छाडच्या सीमेपर्यंत महामार्गाने गेले, तर रस्त्याकडेला 'ऑटो इलेक्ट्रिक' अशा पाट्या दिसतात. पत्र्याची शेड, बाहेर जुन्या बॅटऱ्या, भिंतीला टांगलेले हॉर्न, आत एक उस्ताद आणि त्याच्या हाताखाली एक-दोन मुले. ही मुले बहुधा आपल्याच गावपाड्यांतली असतात. दहावीनंतर, कधी दहावीच्या आधीच, ती येथे येतात आणि पाहून पाहून शिकतात. त्यांचे शिक्षण आणि त्या शिक्षणाला मिळणारा कागद, या दोहोंचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा धंदा आपल्याकडे का फोफावला, हे प्रथम पाहू. २० जून १९९१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि उद्योगांवर मर्यादा आल्या. चिकूच्या वाड्यांना व किनाऱ्याला त्याचा लाभ झाला हे कोणी नाकारणार नाही. पण कारखान्यातली नोकरी हवी तर बोईसर-तारापूर, नाहीतर उंबरगाव-वापी गाठावे लागते. रस्ता मात्र दारातून जातो. मुंबई-अहमदाबाद महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ८ व आताचा ४८, दिवसरात्र वाहतो. रात्री दोन वाजता ट्रकचे दिवे गेले तर चालकाला वापीपर्यंत दम धरता येत नाही. तेव्हा शेडमधला मुलगाच उठवावा लागतो.

जुन्या काळी या कामाची व्याप्ती ठरलेली होती : डायनामो, सेल्फ, बॅटरी, हॉर्न आणि दिवे. टेस्ट लॅम्प घेऊन वायर टोचत गेले की दोष सापडे. आज तशी स्थिती राहिलेली नाही. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना, रिक्षा वगळता, ठिकाण कळवणारे यंत्र व आपत्कालीन बटण लागू झाले. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकाची एअरबॅग, मागे घेताना सूचना देणारे सेन्सर, वेगाची सूचना देणारी यंत्रणा आणि सीटबेल्टची आठवण करून देणारी घंटी सक्तीची झाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आले आणि इंजिनाचा कारभार पुरता कॉम्प्युटरच्या हाती गेला. म्हणजे पाच-सात वर्षांपूर्वी उस्तादाने जे शिकवले, त्यातले बरेचसे आज अपुरे आहे, आणि थोडेसे तर धोक्याचे आहे.

धोक्याचे कसे, यासाठी विद्यार्थी मित्रांनी एक साधे गणित वहीत मांडून पाहावे. जुन्या जीपच्या हेडलाइटचा बल्ब ६० वॅटचा असतो. वॅटला व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. ६० भागिले १२, म्हणजे ५ अँपिअर. दोन दिव्यांचे १०. आता मालक म्हणतो, उजेड वाढवून दे. मुलगा १०० वॅटचे बल्ब घालतो. १०० भागिले १२ म्हणजे ८.३, दोहोंचे मिळून १६.७ अँपिअर. वायर तीच, स्विच तोच. वायरमध्ये तयार होणारी उष्णता वीजप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, १.६७ गुणिले १.६७ केले की उत्तर सुमारे पावणेतीन येते. उजेड दुपटीनेही वाढत नाही, पण वायर पावणेतीन पट तापते. १५ अँपिअरचा फ्यूज असेल तर तो उडतो, आणि फ्यूजचे कामच ते आहे. पण रात्रीची वेळ, दुकान बंद, म्हणून त्या जागी तांब्याची तार गुंडाळली जाते. त्यानंतर जे उडते ते फ्यूज नसते.

यावर उपाय आहे आणि तो महाग नाही. जादा भार घेणारे जे जे बसवायचे, मग तो फॉग लॅम्प असो वा मोठा हॉर्न, त्याला बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर घ्यावी, बॅटरीच्या अगदी जवळ योग्य फ्यूज घालावा आणि मध्ये रिले बसवावा. मग स्विचमधून जाणारा प्रवाह पाव अँपिअरच्याही आत राहतो. जड ट्रकमध्ये बहुधा २४ व्होल्ट असतात, तेथे तेवढ्याच वॅटला अँपिअर निम्मे पडतात. पण म्हणून १२ व्होल्टचे सामान तेथे चालते असे नव्हे. वायरला पीळ घालून वरून टेप गुंडाळणे हा सांधा नव्हे. पावसाळ्यात आपल्या खाऱ्या किनारी हवेत तो वर्षभरात हिरवा पडतो. लग दाबून किंवा झाळून त्यावर स्लीव्ह चढवली म्हणजे सांधा झाला.

नव्या गाडीत तर टेस्ट लॅम्प बाजूलाच ठेवावा. त्याचा बल्ब जो प्रवाह ओढतो तो कॉम्प्युटरच्या नाजूक भागाला सोसत नाही. तेथे मल्टिमीटरच पाहिजे. पिवळ्या कनेक्टरच्या वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना मीटरही लावू नये. गाडीतले निरनिराळे कॉम्प्युटर एकमेकांशी पीळ दिलेल्या दोन वायरींवरून बोलतात. 'कॅन' नावाची ही पद्धत जर्मनीच्या बॉश कंपनीने १९८६ साली पुढे आणली. बॅटरी सोडवून या दोन वायरींत मीटर धरला तर साधारण ६० ओहम दाखवतो, कारण दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोधक समांतर जोडलेले असतात. शाळेच्या विज्ञानात समांतर जोडणीचे जे गणित केले होते, ते हेच. स्पीकरची किंवा कॅमेऱ्याची वायर टाकताना या जोडीला कोणी टोचले, की म्युझिक सिस्टीम सुरू होते आणि गाडी बंद पडते. विजेवर चालणाऱ्या मोटारींत नारिंगी वेष्टनाच्या केबल असतात. त्यांतला दाब शेकडो व्होल्टचा असतो. तेथे प्रशिक्षणाशिवाय हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ.

हे सारे पाहून पाहून शिकता येत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. उस्तादाचा अनादर करण्याचा आमचा हेतू नाही; हाताला वळण तोच लावतो. पण 'का' हे सांगायला वर्ग लागतो.

शासकीय आयटीआयमध्ये या कामाला जवळचे असे काही व्यवसाय आहेत. 'मेकॅनिक ऑटो इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स' हा एक वर्षाचा अभ्यासक्रम थेट याच कामाचा. तो प्रत्येक संस्थेत असतोच असे नाही, म्हणून आधी चौकशी करावी. 'यांत्रिक मोटारगाडी' हा दोन वर्षांचा, आणि त्यात गाडीची वीजही येते. 'वीजतंत्री' दोन वर्षांचा. पाया पक्का होतो, पण गाडीचे काम पुढे वेगळे शिकावे लागते. या तिन्हींना दहावी उत्तीर्ण असावे लागते आणि ऐंशी टक्के हजेरी भरावी लागते. हजेरीचे कलम हलके घेऊ नये. लग्नसराईत आणि भातलावणीत आपली मुले येथेच घसरतात. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली विद्यावेतनावर काम शिकता येते. एस.टी. महामंडळही असे उमेदवार घेते आणि डहाणूला आगार आहे. ती परीक्षा दिली की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र हाती येते.

जो आठ वर्षे शेडमध्ये राबला त्याने आता काय करावे? त्याच्यासाठीही वाट आहे. अनुभवी कारागिरांना खाजगी उमेदवार म्हणून व्यवसाय परीक्षेला बसण्याची तरतूद आहे; अटी आयटीआयच्या कार्यालयात समजतात. शिवाय पूर्वीच्या कौशल्याची परीक्षा घेऊन, थोडक्या दिवसांत दाखला देण्याची पद्धत आहे. वाहन क्षेत्रासाठी २०११ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिल असे दाखले देते. अमेरिकेत मोटार कारागिरांना दाखला देणारी 'एएसई' ही संस्था १९७२ पासून आहे, आणि तेथे तो दर पाच वर्षांनी पुन्हा परीक्षा देऊन टिकवावा लागतो. मोटारीत संगीतयंत्रणा व अलार्म बसवणाऱ्यांसाठी तर तेथे 'एमईसीपी' नावाचा वेगळाच दाखला आहे. आपल्याकडे इतकी बारीक विभागणी नाही.

आता आमच्या टेबलावरचे. कर्ज मंजूर करणे अधिकाऱ्यांचे काम. आम्ही कारकून कागद लावतो. पण कोणता कागद नाही हे पहिल्यांदा कागद लावणाऱ्यालाच दिसते. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत पन्नास हजारांपर्यंत 'शिशु' आणि पुढे पाच लाखांपर्यंत 'किशोर' कर्ज तारणाशिवाय मिळते. ऑटो इलेक्ट्रिकच्या शेडला एवढे बस्स होते. मुले येतात, हात सराईत असतो, पण पात्रतेच्या रकान्यात 'अनुभव' एवढाच शब्द असतो. एका तरुणाने सोनेरी काठाचे, लॅमिनेट केलेले प्रमाणपत्र पुढे ठेवले. शहरातल्या एका खाजगी वर्गाचे तीन महिन्यांचे. फी भरायला आईने बचत गटातून रक्कम उचललेली. त्यावर ना सरकारी परिषदेचे नाव, ना कोठे पडताळता येईल असा क्रमांक. हप्ते मात्र खरे होते.

म्हणून फी भरण्यापूर्वीच विचारावे : परीक्षा कोण घेणार, दाखल्यावर कोणाचे नाव येणार, आणि तो सरकारी संकेतस्थळावर पडताळता येईल काय? उत्तर देताना समोरचा गुळमुळीत बोलू लागला तर उठून यावे. उद्यम नोंदणीलाही शुल्क नाही. ती करून देतो म्हणून हजार-दोन हजार मागणारे दलाल पुष्कळ आहेत.

शेड उघडल्यावर गिऱ्हाईक नाना मागण्या करील. अनेक सुरांचे हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियम ११९ प्रमाणे चालत नाहीत. नोंदणीपुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला मान्य नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली तेच सांगितले. गाडीला आग लागली आणि विमा कंपनीच्या तपासनिसाला कापलेली मूळ वायर सापडली, तर बोट कोणाकडे वळते हे सांगायला नको.

दहावीचा निकाल लागला की आयटीआयचे अर्ज ऑनलाइन निघतात. जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका आधीच जुळवून ठेवावी. पसंतीक्रम भरताना एक गोष्ट ध्यानात असावी : पहिल्या पसंतीची जागा मिळाली आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून नाव जाते. सायबर कॅफेवाला घाईत पहिल्या ओळीत काहीही भरतो. तेथे मुलाने स्वतः बसावे, व्यवसाय व संस्था दोन्ही वाचून मगच बटण दाबावे, आणि अर्जाची छापील प्रत घरी आणावी.