कापूस आणि युद्ध

शाळेंत येतांना आपण जो सुती सदरा अंगांत घालतों, तो किती हातांतून आपल्यापर्यंत पोंचला याचा विचार आपण सहसा करीत नाहीं. शेतकऱ्यानें कपाशी पेरली, मजुरणींनीं बोंडें वेंचलीं, यंत्रानें सरकी निराळी काढली, गिरणींत सूत निघालें, त्याचें कापड झालें व दुकानदारानें तें मोजून दिलें, इतकें आपणांस ठाऊक असतें. परंतु या साध्या दिसणाऱ्या साखळीचीं कांहीं कडीं रणांगणावर घडलेलीं आहेत. इतिहासाच्या पुस्तकांत लढायांचीं प्रकरणें एकीकडे व व्यापाराचीं दुसरीकडे छापलेलीं असतात. त्यामुळें दोहोंचें नातें विद्यार्थ्यांच्या ध्यानांत येत नाहीं. तें नातें समजावें म्हणून अमेरिकेंतील यादवी युद्धाचें (१८६१–१८६५) उदाहरण आम्ही येथें घेतों. हें युद्ध पृथ्वीच्या पाठीवर आपल्या अगदीं विरुद्ध बाजूस झालें, तरी त्याची धग मुंबईच्या पेढ्यांस आणि वऱ्हाडच्या शेतांस लागल्यावांचून राहिली नाहीं.

प्रथम कापसानें युद्ध कसें जवळ आणलें तें पाहूं. अमेरिकेच्या दक्षिण भागांत होणाऱ्या कापसाची सरकी रुईला घट्ट चिकटलेली असे. ती हातानें काढावयाची तर एका माणसाच्या दिवसभराच्या श्रमानें जेमतेम रत्तलभर रुई साफ होई. १७९३ सालीं एली व्हिटनी यानें सरकी काढण्याचें यंत्र तयार केलें आणि हें काम अनेक पटींनीं जलद होऊं लागलें. यंत्रानें माणसाची मेहनत वांचते, तेव्हां गुलामांची गरज कमी होईल, असें कोणासहि वाटलें असतें. घडलें मात्र उलट. सरकी काढण्याची अडचण दूर होतांच कापूस पेरणें अतिशय किफायतीचें झालें, नव्या नव्या जमिनी लागवडीस आल्या, आणि पेरणी-वेंचणीसाठीं अधिकाधिक गुलाम पाहिजेसे झाले. १७९० सालीं त्या देशांत सुमारें सात लक्ष गुलाम होते. १८६० सालीं ते सुमारें चाळीस लक्ष झाले. त्याच सुमारास इंग्लंडांतील गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकीं जवळजवळ चार पंचमांश कापूस अमेरिकेंतून येत असे. लँकेशायरच्या चात्या जों जों वेगानें फिरत, तों तों मिसिसिपीच्या कांठच्या मळ्यांत गुलामांवर चाबूक अधिक ओढला जाई.

नव्यानें वसणाऱ्या प्रांतांत गुलामगिरी चालूं द्यावी कीं नाहीं, यावरून उत्तर व दक्षिण संस्थानांचें वितुष्ट विकोपास गेलें. १८६० च्या नोव्हेंबरांत अब्राहाम लिंकन अध्यक्ष निवडून आले, त्यापाठोपाठ दक्षिणेचीं संस्थानें संयुक्त राज्यांतून फुटूं लागलीं, आणि ता. १२ एप्रिल १८६१ रोजीं सम्टर किल्ल्यावर पहिली तोफ डागली गेली.

दक्षिणेच्या पुढाऱ्यांना आपल्या कापसाचा फार मोठा भरंवसा होता. साउथ कॅरोलायना संस्थानचे सेनेटर हॅमंड यांनीं १८५८ सालींच भर सभागृहांत सांगितलें होतें कीं, कापूस हा राजा आहे व त्याच्याशीं युद्ध करण्याची कोणाची छाती नाहीं. कापूस अडवून धरला म्हणजे इंग्लंडच्या गिरण्या बंद पडतील, लोक उपाशी मरूं लागतील आणि इंग्लंड आपल्या मदतीस धांवून येईल, हा त्यांचा हिशेब होता. म्हणून १८६१ सालीं तेथील मळेवाल्यांनीं व व्यापाऱ्यांनीं आपण होऊनच निर्यात रोखली. इकडे लिंकन यांनींहि एप्रिल महिन्यांतच दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी पुकारली होती.

हा हिशेब चुकला. आधींच्या दोन वर्षांचीं पिकें उदंड आल्यामुळें इंग्लंडच्या वखारी कापसानें व कापडानें भरलेल्या होत्या. त्यामुळें टंचाईचा चटका बसण्यास वेळ लागला. शिवाय इंग्लंडला अमेरिकेच्या उत्तर भागांतील धान्याचीहि गरज होती. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, कापूस पिकविणारे दुसरेहि देश जगांत होते. नाकेबंदी ढिली होती तेव्हां दक्षिणेनें कापूस विकला नाहीं, आणि पैशाची निकड लागून तो विकावासा वाटला तेव्हां बंदरें बंद झालीं होतीं. पुढें १८६३ सालीं कापूस तारण ठेवून युरोपांत कर्ज उभारावें लागलें, आणि वेगवान लहान आगबोटींतून रात्रीच्या काळोखांत चोरून कापूस बाहेर काढून त्याच्या मोबदल्यांत बंदुका व औषधें आणावीं लागलीं.

आतां लँकेशायरकडे वळूं. सांठलेला कापूस संपतांच तेथील गिरण्या एकामागून एक बंद पडूं लागल्या. १८६२ च्या अखेरीस जवळजवळ पांच लक्ष माणसें धर्मादाय मदतीवर जगत होतीं. पुरुषांना खडी फोडण्याचें, रस्ते व गटारें बांधण्याचें काम देण्यांत आलें. मुलींसाठीं शिवणाचे वर्ग निघाले. लिव्हरपूलच्या बाजारांत युद्धापूर्वीं सात-आठ पेन्स रत्तल मिळणारा कापूस १८६४ सालीं तीस पेन्सांच्या घरांत गेला. मजूर उपाशी असतांना ज्यांच्या वखारींत जुना माल होता त्यांनीं मात्र बसल्या जागीं पैसा केला.

अशा स्थितींत नाकेबंदी मोडून कापूस आणावा, असें म्हणणारे लोक इंग्लंडांत पुष्कळ होते, आणि मजुरांतहि असे कांहीं होते. परंतु ता. ३१ डिसेंबर १८६२ रोजीं मँचेस्टर येथें भरलेल्या कामकऱ्यांच्या सभेनें लिंकन यांस पत्र पाठवून गुलामांच्या मुक्ततेस पाठिंबा दिला. ज्यांची चूल कापसावर पेटत होती, त्यांनींच गुलामांच्या घामाचा कापूस आम्हांस नको असें म्हणावें, ही गोष्ट साधी नव्हे. लिंकन यांनीं १८६३ च्या जानेवारींत या पत्रास कृतज्ञतेनें उत्तर लिहिलें, आणि पुढील महिन्यांत उपाशी लँकेशायरसाठीं अन्नसामग्रीनें भरलेलें ‘जॉर्ज ग्रिसवोल्ड’ नांवाचें जहाज अमेरिकेहून लिव्हरपूलला लागलें.

अमेरिकेचा कापूस बंद झाल्यावर सर्वांचे डोळे हिंदुस्थानाकडे लागले. आपल्याकडील कापसास तिकडे ‘सुरत’ म्हणत. त्याचा धागा आंखूड, त्यांत कचरा फार. तो वारंवार तुटे व विणकरांची मजुरी बुडे. देवा, आम्हांस कापूस दे, पण सुरतचा नको, अशी प्रार्थना लँकेशायरमधील एका मंडळींत कोणी केल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. असें असलें तरी १८६२ सालीं इंग्लंडांत आलेल्या कापसाचा बहुतेक वाटा हिंदुस्थानचाच होता, आणि त्यांतील पुष्कळसा मुंबई बंदरांतून गेला.

मुंबईनें असा पैसा पूर्वीं कधीं पाहिला नव्हता. त्या पांच वर्षांत कापसाच्या पायीं शहरांत नेहमींपेक्षां सत्तर ते ऐंशी दशलक्ष पौंड अधिक आले, अशी गणना करण्यांत आली आहे. लोकांनीं जुन्या गाद्या-उशा उसवून त्यांतील कापूस विकल्याचें त्या काळच्या मुंबईकरांनीं लिहून ठेविलें आहे. वजन वाढावें म्हणून गाठींत सरकी, माती व दगड घालण्याचा प्रकार इतका माजला कीं, सरकारला १८६३ सालीं कापसांतील लबाडी बंद करण्यासाठीं कायदा करावा लागला. युद्धाच्या बहुतेक काळांत इंग्लंडशीं तारेचा संबंध नव्हता. लिव्हरपूलचा भाव टपालाच्या आगबोटीनें येई, आणि बोट दिसेपर्यंतचा सगळा काळ हा सट्ट्याचा काळ असे. पैसा ठेवावयास जागा पुरेना म्हणून नव्या पेढ्या व समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांच्या शेअरांचे भाव मूळ किंमतीच्या कैक पटींनीं चढले. या सर्व उलाढालींचे सूत्रधार म्हणजे प्रेमचंद रायचंद. पोटासाठीं शहराकडे लोकांचा लोंढा लागला. १८६४ च्या शिरगणतींत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली.

खेड्यापाड्यांतहि या पैशाचा ओघ पोंचला. लोहमार्ग नागपूरपर्यंत गेला तो १८६७ सालीं, म्हणजे युद्ध संपल्यावर. तोंपर्यंत वऱ्हाडच्या कापसास वाटेचा बराच भाग बैलांच्या पाठीवर किंवा गाड्यांतून काढावा लागे. तरीहि भावच असा होता कीं एवढी दगदग परवडे. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण या भूमीस शोभावी असे ते दिवस होते. सावकारांनाहि शेतकऱ्याच्या पिकाची खात्री वाटूं लागली. पूर्वीं हात आंखडणारे सावकार आतां मागेल तितकें कर्ज देऊं लागले. कर्ज घेणाऱ्यानें भाव पाहिला, व्याज पाहिलें नाहीं. आणि भाव कोणत्या कारणानें चढला आहे हें तर फारच थोड्यांनीं पाहिलें.

तें कारण ता. ९ एप्रिल १८६५ रोजीं नाहींसें झालें. त्या दिवशीं दक्षिणेचे सेनापति ली यांनीं शस्त्रें खालीं ठेविलीं. जगांत शांतता झाल्याची वार्ता आली म्हणजे माणसास आनंद व्हावा. परंतु मुंबईच्या बाजारांत ती वार्ता वज्राघातासारखी आली. कापसाचा भाव कोसळला व त्याबरोबर शेअरांचे भावहि गडगडले. ता. १ जुलै १८६५ हा वायद्यांचे व्यवहार पुरे करण्याचा दिवस होता. त्या दिवशीं देणें देऊं शकेल असा माणूस मिळणें कठीण झालें. मोठमोठ्या पेढ्यांनीं दिवाळें काढलें. प्रेमचंद रायचंद यांचें वैभव गेलें. बँक ऑफ बाँबे खिळखिळी होऊन १८६८ सालीं गुंडाळण्यांत आली. टाटांच्या पेढीसहि जबर धक्का बसला. ती सावरली ती १८६७–६८ च्या ॲबिसिनियाच्या मोहिमेस सामान पुरविण्याच्या मक्त्यामुळें, म्हणजे दुसऱ्या एका युद्धामुळें! १८७२ च्या शिरगणतींत मुंबईची वस्ती ६,४४,४०५ इतकीच उरली होती.

शहरांतील धनिकांचीं दिवाळीं वर्तमानपत्रांत छापलीं गेलीं. शेतकऱ्याचें दिवाळें त्याच्या घरांतच राहिलें. भाव उतरला, पण खतांवरील आंकडा उतरला नाहीं. सावकारांनीं नवें कर्ज बंद करून जुन्याचा तगादा लावला. त्यांतच अनेक तालुक्यांत जमीनमहसुलाची फेरआकारणी होऊन सारा वाढला. ता. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल करून वह्या व कर्जरोखे जाळले. हें लोण नगर जिल्ह्यांतहि पसरलें. या दंग्यांत माणसांना मारण्यापेक्षां कागद जाळण्याकडे लोकांचा रोख होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. दंग्यांचें मूळ केवळ कापसांत होतें असें आम्ही म्हणत नाहीं. वाढलेला सारा, सावकारी व्याज आणि कोर्टांतील हुकूमनामे हीं कारणें होतींच. परंतु युद्धकाळच्या सुलभ कर्जानें तो फांस अधिक आवळला गेला. पुढें १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदा झाला.

इजिप्त देशाची कथाहि अशीच आहे. तेथें लांब धाग्याच्या कापसाची लागवड झपाट्यानें वाढली, राज्यकर्त्यांनीं त्या भरंवशावर अफाट कर्ज काढलें, १८७६ सालीं राज्याची पत बुडाली आणि १८८२ सालीं इंग्रजी फौजांनीं देश व्यापला. खुद्द अमेरिकेंत गुलाम कायद्यानें मुक्त झाले. परंतु जमीन न मिळाल्यामुळें त्यांतील पुष्कळांस पूर्वींच्याच मळेवाल्यांच्या शेतांत वांट्यानें राबून कर्जांत दिवस कंठावे लागले.

कापसाचा युद्धाशीं आणखी एक संबंध आहे. १८४६ सालीं शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञानें कापसावर तीव्र आम्लांची क्रिया करून स्फोटक द्रव्य तयार केलें, आणि जखमेवर बांधावयाचा कापूस जखम करण्याच्याहि कामीं येऊं लागला. म्हणूनच पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालीं, इंग्लंडनें कापूस हा शत्रूस पोंचूं न द्यावयाच्या युद्धसाहित्यांत घातला. दुसऱ्या महायुद्धांत आपल्याकडे कापडाची इतकी टंचाई झाली कीं १९४३ सालीं सरकारला कापडावर व सुतावर नियंत्रण घालावें लागलें.

या सर्वांतून आपण काय शिकावें? एक तर, वस्तूचा भाव चढतो तेव्हां तो कां चढला हें विचारावें; दुसऱ्याच्या घराला लागलेल्या आगीच्या उजेडांत जो आपला हिशेब लिहितो, त्याचा दिवा ती आग विझतांच मालवतो. दुसरें, चढत्या भावावर कर्ज काढूं नये. भाव उतरतो, कर्ज उतरत नाहीं. आणि तिसरें, मँचेस्टरच्या त्या उपाशी कामकऱ्यांची आठवण ठेवावी; स्वस्त वस्तूचें खरें मोल दुसरा कोणी तर देत नाहीं ना, हें पाहणें आपलेंहि कर्तव्य आहे.

मुंबईस गेल्यावर विद्यापीठाचा राजाबाई टॉवर अवश्य पाहावा. प्रेमचंद रायचंद यांनीं १८६४ सालीं, भरभराटीच्या ऐन शिखरावर असतांना, ग्रंथालयासाठीं व या मनोऱ्यासाठीं देणग्या दिल्या आणि मनोऱ्यास आपल्या मातेचें नांव ठेविलें. तो १८७८ सालीं पुरा झाला, तेव्हां तो सट्टा, त्या कंपन्या व ते चढे भाव कधींच लयास गेले होते. विद्येसाठीं दिलेलें मात्र उरलें. तें आजहि उभें आहे.