टॉवर बंद पडल्यावर आळीभर निरोप

22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठी नदीचं पाणी शिरलं. वीज गेली आणि पाठोपाठ मोबाइलही मुके झाले. टॉवर विजेवर चालतो. ती गेली की त्याच्या बॅटऱ्या काही तास तग धरतात, पण पाणी बॅटऱ्यांपर्यंत चढलं तर तेवढाही वेळ मिळत नाही. मग वरच्या मजल्यावर अडकलेल्या माणसाच्या हातात चार्ज केलेला फोन असूनही समोरच्या इमारतीत निरोप जात नाही. फोनमधल्या ब्लूटूथला मात्र टॉवर लागत नाही. त्याच्या जोरावर आळीपुरतं निरोपांचं जाळं उभं करता येतं. हे काम मे महिन्यातच उरकायचं, कारण पुराच्या दिवशी ॲप उतरवून घ्यायला इंटरनेटच नसतं.

साहित्य: आळीतले दहा-पंधरा तरी फोन (आयफोनही चालतात), कपाटात पडून असलेले जुने अँड्रॉइड फोन, पॉवर बँका, एक वही, पेन्सिल आणि प्लॅस्टिकची पिशवी.

ॲप निवडा. या कामाला मी बिटचॅट सुचवेन. ट्विटरचे सहसंस्थापक जॅक डॉर्सी यांनी ते जुलै 2025 मध्ये पुढे आणलं. त्याला फोन नंबर, ईमेल, खातं असलं काही लागत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेलिसा चक्रीवादळ आलं, तेव्हा जमैकात ते पुष्कळांनी उतरवून घेतलं. जुन्या लेखांमध्ये ब्रायरची शिफारस सापडेल. पण मे 2023 मध्ये केंद्र सरकारने ज्या 14 मेसेजिंग ॲपवर बंदी घातली त्यांत ब्रायर आहे, तेव्हा तो रस्ता सोडा. बिटचॅटच्या नावाची नकली ॲपही निघाली होती. म्हणून आळीतल्या एका जाणत्या मुलाने किंवा मुलीने खात्री करून ते उतरवावं आणि बाकीच्यांनी तेच घ्यावं.

ॲप उघडल्यावर ते ब्लूटूथची आणि अँड्रॉइडवर लोकेशनचीही परवानगी मागतं. लोकेशन कशाला, म्हणून अनेकजण इथेच नकार देतात. आसपासचे ब्लूटूथ शोधण्याची सोय अँड्रॉइडने लोकेशनच्या परवानगीला जोडली आहे, म्हणून ती द्यावी लागते. अँड्रॉइडच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन या ॲपवरचे निर्बंध काढा, नाहीतर स्क्रीन बंद झाल्यावर फोन ॲपला झोपवतो. आयफोनवर ते समोर उघडं ठेवलेलं बरं.

टोपणनावात घर दिसू द्या: ‘पेठमाप-राममंदिर-2रा मजला’ असं. ‘रॉकी’ किंवा ‘आई’ हे नाव वाचून सुटकेला आलेल्या होडीवाल्याला काहीच कळणार नाही.

आता खरं काम. एका फोनवरून दुसऱ्यावर निरोप पोचण्याचं अंतर घरांच्या वस्तीत साधारण 10 ते 30 मीटर भरतं. काँक्रीटची भिंत मध्ये आली की कमी होतं, समोरासमोर खिडक्या असल्या की वाढतं. प्रत्येक फोन आलेला निरोप पुढच्याला देतो, आणि असा एक निरोप जास्तीत जास्त सात टप्पे जातो. टप्पा 20 मीटरचा धरला तर 140 मीटर झाले. गाव यात मावत नाही, आळी मावते. म्हणून साखळी कुठे तुटते हे पायी फिरूनच शोधायला हवं.

त्यासाठी एखाद्या रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी फोन एअरप्लेन मोडवर टाकावेत आणि मग ब्लूटूथ व लोकेशन पुन्हा सुरू करावं. एकाने आळीच्या टोकाला घरात बसायचं. दुसऱ्याने हातात फोन घेऊन दुसऱ्या टोकाकडे चालत जायचं आणि दर दोन-तीन घरांनी ‘पोचलं का?’ असं लिहायचं. उत्तर येईनासं झालं की तिथे खडूने खूण करा. त्या जागेजवळच्या वरच्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खिडकीत, एक जुना फोन साखळीचा दुवा म्हणून ॲप सुरू करून ठेवा. त्यात सिमकार्ड नसलं तरी चालतं. अँड्रॉइड 8 किंवा त्यापुढचा असला की पुरे. पुन्हा चालून पाहा. तळमजल्यावर एकही दुवा ठेवू नका, पाणी सर्वात आधी तिथेच येतं. जिन्याची खिडकी आणि गॅलरी या हुकमी जागा आहेत. एखाद्या घरात म्हातारं जोडपं एकटंच राहत असेल तर दुवा त्यांच्याच खिडकीत बसवा. साखळीही जुळते आणि त्यांची चौकशीही होते.

निरोप लिहायची एकच पद्धत ठरवून घ्या: वेळ, जागा, माणसं, गरज. उदाहरणार्थ, ‘दु. 3.40, राममंदिरासमोर, पहिला मजला, 4 माणसं, एक गरोदर, पाणी जिन्याच्या सहाव्या पायरीला’. पायरी लिहिल्याने पाणी चढतंय की उतरतंय हे पुढच्या निरोपावरून समजतं. वेळ टाकायला कुणी विसरलं तर तासापूर्वीचं संकट आत्ताचं समजून लोक धावतील. शुभेच्छा, फॉरवर्ड, व्हिडिओ यांना इथे सक्त मनाई.

सर्वांसाठीचा निरोप आसपासचा कुणीही वाचू शकतो. कुठलं घर रिकामं आहे, दागिने कुठे आहेत, हे तिथे लिहू नये. एकाला एक निरोप कुलूपबंद जातो, पण टोपणनाव कुणीही कुणाचंही घेऊ शकतं. ॲप आलं त्याच महिन्यात सुरक्षा तपासणाऱ्यांनी ओळखीबाबतची त्रुटी दाखवून दिली होती. त्यामुळे ‘मी तहसीलदार, घर सोडा’ असं आलं तर आवाज देऊन, खिडकीतून तोंड बघून खात्री करा.

पाणी चढू लागलं की फोन आणि पॉवर बँका वरच्या मजल्यावर न्या. 10,000 एमएएचची पॉवर बँक 5,000 एमएएचचा फोन एकदा भरून थोडी उरते, तेव्हा ती आधी दुव्याच्या फोनला द्या. बाकीचे फोन एअरप्लेन मोडवर, ब्लूटूथ चालू ठेवून वापरा. हरवलेला टॉवर शोधत राहण्यात फोनची बॅटरी फार खर्च होते. एकाच घराने फोन नेहमीच्या मोडवर ठेवावा, म्हणजे टॉवर परत आला की सर्वांना सांगता येईल आणि 112 ला फोन करता येईल. बाहेरच्या बातम्यांसाठी बॅटरीवरचा रेडिओ ठेवा.

शेवटचा दुवा वहीचा. आपल्या जाळ्यात बचाव पथक नसतं, एनडीआरएफच्या जवानाकडे हे ॲप असेल असं धरून चालू नका. मुख्य रस्त्याकडच्या घरातल्या एकाने आलेला प्रत्येक निरोप पेन्सिलीने वहीत उतरवायचा, सुटका झालेल्यांवर रेघ मारायची, आणि होडी आली की आजारी, गरोदर आणि लहान मुलं असलेल्या घरांची नावं आधी वाचून दाखवायची. यादीचं एक पान पिशवीत घालून होडीवाल्याच्या हातात द्यायचं आणि कोणत्या घरी होडी गेली ते लगेच ॲपवर कळवायचं.