घसरणारी सीट, फिरणारं हँडल

सायकलची सीट खाली सरकायला लागली की आपला हात आपसूक एल-कीकडे जातो. अजून अर्धा फेरा आवळला की झालं, असं वाटतं. हँडल फिरलं तरी तेच. मी कळकळीनं सांगतो, तिथंच थांबा. घसरण्याचं कारण दर वेळी ढिलेपणा नसतो, आणि नसताना आवळत राहणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. वर बोल्टचे आटे जातात, क्लॅम्पला तडा जातो, तो वेगळाच.

हे मला कळलं ते ताम्हिणी घाटात. मुळशीकडून कोकणात उतरत होतो, रस्ता ओला होता. दोन्ही पंजे ब्रेकच्या मुठींवर, शरीराचा भार पुढे. एका वळणावर चाक खड्ड्यात आदळलं आणि अख्खं हँडल माझ्या हाताखाली पुढे फिरलं. मुठी जमिनीकडे झुकल्या, छाती हँडलवर आली. वेग कमी होता म्हणून कसाबसा कडेला लागलो. हँडल नुकतंच एका दुकानातून बदलून घेतलं होतं आणि बोल्ट तर घट्टच होते.

घरी येऊन स्टेमची, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या भागाची, पुढची पट्टी काढली. हँडलच्या मधल्या जाड भागावर घासून आलेली चकचकीत चंद्रकोर होती. पट्टी आणि स्टेम यांच्यामध्ये वर-खाली जी बारीक फट राहायला हवी, ती पूर्ण मिटलेली. धातूला धातू टेकला होता, म्हणजे बोल्ट कितीही आवळले तरी तो जोर हँडलपर्यंत पोचणारच नव्हता. स्टेमवर कोरलं होतं २६.०, हँडलवर २५.४. फरक ०.६ मिलिमीटरचा, डोळ्यांना दिसतही नाही.

म्हणून पहिलं काम मोजण्याचं. हल्लीच्या बहुतेक रोड सायकलींची हँडलं ३१.८ ची असतात, जुन्यांत २५.४ आणि २६.० अशी दोन्ही सापडतात, आणि घोळ होतो तो इथंच. सीटच्या दांड्यात २७.२, ३०.९, ३१.६ हे नेहमीचे आकार. दांडा पूर्ण बाहेर काढलात की बहुधा खालच्या टोकाजवळ आकडा कोरलेला दिसेल. फ्रेमला ३१.६ चा दांडा लागत असेल तर ३०.९ चाही आत जातो, त्यामुळे बसला असं वाटतं, पण तो टिकत नाही. क्लॅम्प ढिला ठेवून दांडा हातानं खाली-वर करून बघा. तो मऊपणे सरकायला हवा, पण आडवा डुगडुगता कामा नये. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापून दांड्याभोवती गुंडाळण्याची युक्ती अनेक जण करतात. सीटला घरी पोचेपर्यंत ती चालेल. हँडलला मात्र असलं काही अजिबात करू नका.

आकार बरोबर असूनही घसरत असेल तर सगळं उघडून पुसा. पावसाळ्यात मागच्या चाकानं उडवलेला चिखल फ्रेमच्या नळीत उतरतो, हँडलच्या क्लॅम्पमध्ये घाम मुरतो. काठीला फडकं गुंडाळून नळी आतून पुसली की काळी बारीक रेती निघते. मग ग्रीसचा प्रश्न येतो. धातूच्या फ्रेममध्ये धातूचा दांडा असेल तर ग्रीसचा पातळ हात हवाच. ग्रीसनं घसरेल या भीतीनं कोरडा ठेवलेला अ‍ॅल्युमिनियमचा दांडा लोखंडी फ्रेममध्ये कायमचा जाम होऊ शकतो, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं. आकार नेमका असेल तर ग्रीस लावूनही पकड टिकते. कार्बनला मात्र ग्रीस वर्ज्य. त्याच्यासाठी बारीक खर असलेली कार्बन पेस्ट मिळते, तिनं कमी जोरातही घट्ट पकड येते. ग्रीस लावलेला धातूचा दांडा ऐकतच नसेल, तर तो पुसून त्यालाही हीच पेस्ट लावा. धातूचं हँडल स्टेममध्ये स्वच्छ आणि कोरडं बसवावं.

बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली मात्र थेंबभर ग्रीस हवं. कोरड्या, गंजक्या बोल्टवर लावलेला बहुतेक जोर आट्यांच्या घर्षणातच जातो. हाताला घट्ट लागतं आणि क्लॅम्प ढिलाच असतो.

स्टेमच्या पट्टीला चार बोल्ट असतील तर तिरप्या जोडीनं, थोडे थोडे आवळत जा. वरची आणि खालची फट सारखी राहिली पाहिजे (काही स्टेममध्ये एक बाजू आधी पूर्ण टेकवायची असते, तसं त्यांच्यावर लिहिलेलं असतं). जोर किती, तेही बहुतेक वेळा शेजारीच छापलेलं असतं. ५ न्यूटन-मीटर हा नेहमी दिसणारा आकडा. टॉर्क पाना नसेल तर एल-कीच्या दांडीवर, बोल्टपासून १० सेंटिमीटरवर, सामान तोलायचा आकड्याचा काटा अडकवून काटकोनात ओढा. ५ किलो दिसले की थांबा.

सीट कित्येकदा धक्का देऊन नव्हे, मुंगीच्या पावलांनी उतरते. दहा-पंधरा मिलिमीटर उतरली तरी लक्षात येत नाही, मग गुडघा पुढून दुखू लागतो आणि आपण गुडघ्यालाच मलम चोळत बसतो. क्लॅम्पच्या लगेच वर दांड्याला इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या. टेप दुमडली की समजा, दांडा सरकला. मात्र सीट उंच करताना दांड्यावरची किमान खोलीची रेघ बाहेर येऊ देऊ नका.

हँडल बसवल्यावर, सायकल उभी असतानाच, ब्रेक दाबून मुठींवर सगळं वजन टाका. मग पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल डावी-उजवीकडे पिळून बघा. इथं हललं तर रस्त्यावरही हलणारच. ज्या हँडलवर क्लॅम्पच्या कडेशी खोल चर किंवा दाबल्याची खूण पडली आहे, ते पुन्हा बसवू नका. तुटतं ते तिथंच. मी माझं विकलंही नाही. कुणी उचलून दुसऱ्या सायकलला लावू नये म्हणून ते मधोमध करवतीनं कापलं आणि मगच भंगारात दिलं.