जुन्या मोटारीतील यांत्रिक इंधन-अंतःक्षेपण : दोषशोधन आणि दुरुस्ती

पेट्रोलच्या इंजिनाला हवा आणि इंधन यांचे योग्य मिश्रण पुरविण्याचे काम दीर्घकाळ कार्ब्युरेटरकडे होते. वाहत्या हवेमुळे निर्माण होणाऱ्या कमी दाबाने त्यातून पेट्रोल ओढले जाते. अंतःक्षेपणाच्या पद्धतीत मात्र पेट्रोल दाबाखाली आणून प्रत्येक सिलिंडरच्या झडपेशी फवारले जाते. जर्मनीतील बॉश कंपनीने १९७३ साली 'के-जेट्रॉनिक' ही अशी एक यंत्रणा प्रचारात आणली. 'के' हे 'सतत' या अर्थाच्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर होय; कारण इंजिन चालू असेपर्यंत हा फवारा अखंड चालतो. पोर्श, व्होल्व्हो, साब, मर्सिडीज-बेन्झ, आउडी, फोक्सवॅगन यांच्या अनेक गाड्यांना ही यंत्रणा बसविण्यात आली होती. या गाड्या आता वृद्ध झाल्या आहेत. त्यांचे काही भाग सहज मिळत नाहीत आणि मिळाले तरी स्वस्त नसतात. म्हणूनच येथे चुकीच्या जागी लावलेला हात महाग पडतो. चांगला भाग निकामी होतो आणि मूळ दोष तसाच राहतो.

यंत्रणेची रचना

पेट्रोलच्या टाकीजवळचा विद्युत् पंप सुमारे पाच बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. (एक बार म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाइतका दाब, असे स्थूलमानाने समजावे.) पंपानंतर संचायक, त्यानंतर गाळणी आणि शेवटी इंधन-वितरक असा हा मार्ग आहे. इंजिनात जाणारी सर्व हवा एका नरसाळ्यातून जाते. त्यातील गोल चकती हवेच्या ओघाने उचलली जाते आणि तरफेच्या साहाय्याने वितरकातील एका बारीक दट्ट्याला वर ढकलते. ज्या नळकांड्यात हा दट्ट्या सरकतो, त्याला जितके सिलिंडर तितक्या अतिशय अरुंद उभ्या फटी असतात. दट्ट्या वर गेला की फटी अधिक उघडतात आणि अधिक पेट्रोल वाहते. प्रत्येक फटीच्या दोन बाजूंच्या दाबांतील फरक पोलादी पडद्याच्या झडपा सुमारे ०.१ बार इतका स्थिर राखतात. त्यामुळे पेट्रोलचे प्रमाण केवळ फटीच्या उघडण्यावर अवलंबून राहते.

दट्ट्याच्या माथ्यावरही पेट्रोलचा दाब असतो. यालाच नियंत्रण-दाब म्हणतात. हा दाब वाढला की तेवढ्याच हवेने चकती कमी उचलली जाते व मिश्रण विरळ होते. दाब घटला की मिश्रण गाढे होते. थंड इंजिनाला गाढे मिश्रण लागते. म्हणून द्विधातूची पट्टी असलेला तापन-नियंत्रक आरंभी हा दाब कमी ठेवतो आणि पट्टी तापत जाईल तसा तो सुमारे साडेतीन बारपर्यंत नेतो. एवढे एक तत्त्व पक्के ध्यानात राहिले, तर पुढील सर्व परीक्षा आपोआप उलगडतात.

आरंभीची दक्षता

पाच बार दाबाखालील पेट्रोल बारीक चिरेतूनही तुषारासारखे उडते आणि तापलेल्या नळकांड्यावर पडल्यास पेट घेते. म्हणून कोणतीही जोडणी सोडण्यापूर्वी इंजिन थंड होऊ द्यावे, बॅटरीची तार काढावी, जोडणीभोवती कापड गुंडाळावे आणि दाब हळूहळू उतरू द्यावा. अग्निशामक हाताशी असावा. उघड्या दिव्याने काम करू नये. रबरी नळ्या कडक झाल्या असतील किंवा त्यांवर भेगा दिसत असतील, तर इतर कोणत्याही दुरुस्तीआधी त्या बदलाव्यात. ही दक्षता औपचारिक नव्हे. जुनी गाडी जळून जाण्यास एक फुटकी नळी पुरेशी असते.

दुसरी दक्षता हाताच्या मोहासंबंधीची आहे. वितरक आणि नरसाळे यांच्या मध्ये ३ मिलिमीटरच्या षट्कोनी चावीने फिरणारा मिश्रणाचा स्क्रू असतो. इंजिन नीट चालत नाही असे दिसताच अनेकांचा हात प्रथम त्याच्याकडेच जातो. परंतु दाब चुकला असता हा स्क्रू फिरविणे म्हणजे एका चुकीवर दुसरी चूक रचणे होय. त्याने मूळ दोष झाकला जातो आणि पुढच्या परीक्षकाला आरंभबिंदूच सापडत नाही. हा स्क्रू सर्वांत शेवटी हाताळावा.

दाबमापकाची साक्ष

वितरक आणि तापन-नियंत्रक यांच्या मधल्या नळीत तोटी असलेला दाबमापक जोडावा. तोटी नियंत्रकाच्या बाजूला असावी. नियंत्रकाची विजेची जोडणी काढून, इंजिन थंड व बंद असताना, केवळ पंप चालवावा. तोटी बंद केली असता मुख्य दाब कळतो, तर उघडी ठेवली असता थंड अवस्थेतील नियंत्रण-दाब कळतो. मग विजेची जोडणी पुन्हा लावून काही मिनिटे थांबावे. दाब संथपणे चढत जाऊन स्थिर झाला पाहिजे. शेवटी पंप बंद करून दाब किती टिकतो ते घड्याळ लावून पाहावे. प्रत्येक गाडीचे नेमके आकडे तिच्या कारखान्याच्या पुस्तिकेत दिलेले असतात आणि त्यांच्याशीच तुलना करावी.

मुख्य दाब कमी असेल, तर आधी पंपाकडून ठराविक वेळात किती पेट्रोल येते ते मोजावे. गाळणी तुंबलेली असणे, टाकीतील जाळीवर गाळ साचणे किंवा पंपाला वीज कमी मिळणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. पेट्रोल पुरेसे येत असूनही दाब कमी राहिला, तरच वितरकातील दाब-नियंत्रक झडपेकडे वळावे. तिच्या स्प्रिंगखालील पातळ चकत्या कमी-जास्त करून हा दाब लावला जातो.

थंड अवस्थेत नियंत्रण-दाब अधिक असेल, तर सकाळी इंजिन मुश्किलीने चालू होते आणि खोकत राहते. अशा वेळी परतीची नळी तुंबली आहे काय आणि नियंत्रकाच्या तोंडाची बारीक जाळी भरली आहे काय, हे पाहावे. याउलट दाब चढतच नसेल, तर नियंत्रकाच्या तापकाला वीज पोचत नसते किंवा त्याची तार तुटलेली असते. मग इंजिन तापूनही मिश्रण गाढेच राहते आणि धूर काळा येतो.

थंड इंजिन चटकन चालू होते, पण प्रवासानंतर अर्धा तास उभी केलेली गाडी काही केल्या चालू होत नाही, ही तक्रार फार नेहमीची आहे. बंद इंजिनाच्या उष्णतेने नळ्यांतील पेट्रोलची वाफ होऊ नये, म्हणून आत काही दाब शिल्लक राहणे आवश्यक असते. तो लवकर उतरत असेल, तर फवारे थेंब गाळतात काय, थंडीत आरंभी जादा पेट्रोल देणारी झडप झिरपते काय आणि परतीच्या नळीतून गळती होते काय, हे क्रमाने पाहावे. संचायकाच्या मागच्या नळीत पेट्रोल आढळल्यास त्याचा पडदा फाटला आहे असे समजावे. यांपैकी काहीच नसेल, तर पंपाची एकमार्गी झडप दोषी ठरते.

सर्व दाब बरोबर असूनही मिश्रण विरळ राहिले, तर चकतीने न मोजलेली हवा कोठून तरी आत शिरत आहे. फवाऱ्यांच्या रबरी कड्या, लवचीक नळ्या आणि त्यांचे सांधे तपासावेत. ज्या इंजिनांत क्रँककेसची हवा आतल्या मार्गाला जोडलेली असते, तेथे चालू इंजिनाचे तेल भरण्याचे झाकण उघडून पाहावे. इंजिन डळमळले, तर उर्वरित मार्ग बहुधा घट्ट आहे. काहीच फरक पडला नाही, तर गळती आधीपासून आहे.

फवारा आणि वितरक

एखादाच सिलिंडर मंद चालत असेल, तर सर्व फवारे काढून प्रत्येकाखाली सारख्याच आकाराचे मोजपात्र ठेवावे, पंप चालवावा आणि चकती थोडी उचलून धरावी. एका पात्रात पेट्रोल कमी पडले, तर तो फवारा शेजारच्या नळीला लावून परीक्षा पुन्हा करावी. दोष फवाऱ्याबरोबर गेला, तर फवारा बदलावा. दोष त्याच नळीवर राहिला, तर तो नळीत किंवा वितरकात आहे. या साध्या अदलाबदलीने महागडा वितरक विनाकारण उघडण्याची पाळी टळते.

चकती उचलताना सर्व टप्प्यांत सारखाच विरोध जाणवला पाहिजे. ती अडखळली, तर दट्ट्या काढून केवळ तरफ हलवून पाहावी. तरफ मोकळी असेल, तर दट्ट्याच अडकत आहे. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीत पेट्रोलचा चिकट थर जमतो आणि पाण्याने गंज चढतो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा अधिक शोषते, हेही लक्षात ठेवावे. दट्ट्या विद्रावकाने धुवावा. त्याला वाळूकागद लावणे म्हणजे तो कायमचा गमावणे होय. कारण त्याच्या धारेवरच पेट्रोलचे माप अवलंबून आहे. दट्ट्या आणि त्याचे नळकांडे ही जोडी एकमेकांसाठीच घासून बसविलेली असते. दुसऱ्या वितरकातील दट्ट्या येथे चालत नाही.

वितरकाचे दोन भाग अलग करावयाचे झाल्यास प्रत्येक स्प्रिंग व चकती आपापल्या क्रमाने मांडून ठेवावी. पडदा आणि कड्या नव्या, तसेच पेट्रोल व इथेनॉल दोन्ही सहन करणाऱ्या द्रव्याच्या घ्याव्यात. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने, थोडेथोडे आवळावेत. एरवी पडदा मुरडतो आणि सिलिंडरांना असमान पेट्रोल मिळू लागते. जोडण्यांच्या धातूच्या चकत्या पुन्हा वापरू नयेत.

जुळणी पूर्ण झाल्यावर प्रथम इंजिन चालू न करता केवळ पंप चालवून प्रत्येक सांधा कोरड्या कापडाने पुसून पाहावा. त्यानंतर सर्व दाब पुन्हा मोजावेत, मोजपात्रांची परीक्षा पुन्हा घ्यावी आणि इंजिन पूर्ण तापल्यावरच धुराच्या परीक्षक-यंत्राच्या साहाय्याने मिश्रणाचा स्क्रू लावावा. चावी दर वेळी काढून घेतल्यावाचून इंजिनाचा वेग वाढवू नये. दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे सर्व आकडे वहीत लिहून ठेवावेत. पुढे कधी ही गाडी दुसऱ्या कारागिराच्या हाती गेली, तर त्याला अंदाजावर विसंबावे लागणार नाही. कोठून आरंभ करावयाचा, हे ती वहीच त्याला सांगेल.